शंभर दिवसांत दुप्पट

१९९८ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं उगवत्या डिजिटल अर्थव्यवस्थेवर एक अहवाल काढला. सरकारी अहवाल असतात तसाच होता, आलेख आणि तक्त्यांनी भरलेला. पण त्यातलं एक वाक्य पुढची तीन वर्षं जगभर फिरत राहिलं. इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते आहे, असं ते वाक्य होतं.

जरा हिशेब करून बघा. दर शंभर दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण साडेबारा पट. हाच वेग पाच वर्षं टिकला तर वाहतूक तीन लाख पटींहून जास्त वाढते. आता समजा, ती शंभर दिवसांनी नाही, वर्षातून एकदा दुप्पट होते. मग पाच वर्षांत होते फक्त ३२ पट. एका बाजूला तीन लाख, दुसऱ्या बाजूला बत्तीस. फायबर ऑप्टिक यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर ज्यांनी २००० साली घेतले, त्यांचे पैसे या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत गेले.

त्या काळाची गोष्ट सहसा 'डॉटकॉमचा फुगा' या एकाच शीर्षकाखाली सांगितली जाते. लोकांना वेड लागलं होतं, कुत्र्या-मांजरांचं खाणं इंटरनेटवर विकणाऱ्या कंपनीतही पैसे घातले जात होते, वगैरे. ते खरं आहे, पण मला ती गोष्ट फारशी कामाची वाटत नाही. मूर्खपणाचा धंदा बुडाला तर त्यात शिकण्यासारखं काय आहे? फायबरच्या कंपन्या मूर्ख नव्हत्या. त्यांच्याकडे खरे कारखाने होते, खरी विक्री होती, नामवंत ग्राहक होते आणि हातातलं विज्ञान पुढे नोबेल मिळवणारं होतं. शिवाय त्यांचं भाकीतही खरं ठरलं. जगाला अफाट बँडविड्थ लागणार आहे, असं ते म्हणत होते आणि तुम्ही हा लेख जिथे वाचताय तो फोन त्याचा पुरावा आहे. तरीही त्यांच्यात पैसे गुंतवणाऱ्यांचे शंभरातले नव्वद, कुठे पंच्याण्णव, कुठे नव्व्याण्णव बुडाले.

*

आधी त्या विज्ञानाबद्दल थोडं. साध्या काचेतून प्रकाश पाठवला तर तो काही मीटरांतच विझतो. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असं मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर निदान एक टक्का प्रकाश शिल्लक राहील इतकी शुद्ध काच कुणी बनवली, तर तिच्यातून टेलिफोनची संभाषणं नेता येतील. १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती अट पार केली. आजच्या चांगल्या फायबरमधून किलोमीटरभर गेल्यावर ९५ टक्के प्रकाश उरतो. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

तरी अंतर वाढलं की प्रकाश मंद व्हायचाच. मग काही दहा किलोमीटरांवर यंत्र बसवायचं, प्रकाशाची वीज करायची, वीज वाढवायची, पुन्हा प्रकाश करायचा. हा खर्चिक खटाटोप १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संपायला लागला. साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांचा गट आणि बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देसुर्व्हिर यांनी दाखवलं की काचेत एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलं तर प्रकाश प्रकाशरूपातच वाढवता येतो. यातली गंमत अशी की हा अॅम्प्लिफायर एकाच वेळी अनेक रंगांचा, म्हणजे अनेक तरंगलांबींचा प्रकाश वाढवतो. म्हणजे एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचे लेझर सोडा, प्रत्येक रंगावर वेगळी माहिती लादा आणि पलीकडे रंग वेगळे करून घ्या. याला डीडब्ल्यूडीएम म्हणतात. १९९६ मध्ये सिएना नावाच्या नव्या कंपनीनं १६ रंगांची यंत्रणा बाजारात आणली. पहिलं गिऱ्हाईक होतं अमेरिकेतली लांब पल्ल्याची टेलिफोन कंपनी स्प्रिंट.

हे किती मोठं होतं हे कळायला रस्ता खणण्याचा खर्च आठवायला हवा. आपल्याकडे कुठल्याही शहरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. फायबरमध्ये काच स्वस्त असते, महाग असतो तो चर. सिएनाच्या पेट्या दोन टोकांना बसवल्या की जमिनीत आधीच पुरलेली एक तार सोळा तारांचं काम करायला लागायची. एकही फावडं न मारता. १९९७ च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिचं मूल्य तीन अब्ज डॉलरांच्या वर गेलं.

दरम्यान १९९६ मध्ये अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा आला होता. जुन्या मक्तेदाऱ्या मोडून स्पर्धा आणायची, हा त्याचा हेतू. स्पर्धा आली. क्वेस्ट रेल्वेच्या रुळांलगत फायबर पुरत होती. विल्यम्स ही मूळची वायूवाहिन्यांची कंपनी, तिनं वापरात नसलेल्या पाइपांमधून फायबर ओवलं. लेव्हल थ्री एकदा चर खणलाच आहे तर म्हणून त्यात जादा रिकाम्या नळ्या टाकून ठेवत होती, पुढेमागे लागतील म्हणून. ग्लोबल क्रॉसिंग समुद्राच्या तळाशी केबल अंथरत होती. प्रत्येकीच्या योजनेत त्याच शहरांच्या जोड्या होत्या आणि प्रत्येकीच्या कागदावर बाजाराचा मोठा हिस्सा आपल्यालाच मिळणार होता. पैसे कर्जरोख्यांतून येत होते. बँकांनी आणि रोखे घेणाऱ्यांनी आक्षेप घेतला की उत्तर तयार असायचं: शंभर दिवसांत दुप्पट.

*

आता गुंतवणूकदाराच्या जागी उभे राहा. एवढ्या कंपन्या एकाच वेळी खणतायत, यातल्या सगळ्या टिकणार नाहीत, हे १९९९ साली कोणत्याही शहाण्या माणसाला दिसत होतं. मग पैसे कुठे घालायचे? शहाणा माणूस म्हणाला, या कंपन्यांत नको, यांना यंत्रं विकणाऱ्यांत घालू. लग्न कुणाचंही होवो आणि पुढे टिको न टिको, मांडववाला आपले पैसे घेऊनच जातो. सिएना, नॉर्टेल, ल्युसेंट, जेडीएस युनिफेज, कॉर्निंग हे सगळे मांडववाले. युक्तिवाद सावधपणाचा वाटतो. किंबहुना त्या काळात सावध लोकच असं बोलत होते, म्हणून तो एवढा पसरला.

जेडीएस युनिफेज या कंपनीचं उदाहरण घेऊ, कारण मांडववाल्यांनाही बांबू पुरवणारी ती कंपनी होती. तिचा एक अर्धा भाग म्हणजे जेडीएस, कॅनडातल्या ओटावामध्ये बेल-नॉर्दर्न रिसर्चमधून बाहेर पडलेल्या चार संशोधकांनी १९८१ मध्ये काढलेली कंपनी. दुसरा अर्धा भाग म्हणजे कॅलिफोर्नियातली युनिफेज, जी सुरुवातीला दुकानातल्या बारकोड वाचणाऱ्या यंत्रांसाठी लेझर बनवायची. १९९९ मध्ये दोघी एक झाल्या. लेझर, गाळण्या, रंग वेगळे करणारे काचेचे बारीक तुकडे, असे सगळे सुटे भाग त्या बनवायच्या आणि ते नॉर्टेलच्याही पेटीत जायचे, ल्युसेंटच्याही. म्हणजे कुणीही जिंको, भाग यांचेच. २००० च्या मार्चमध्ये शेअर दीडशे डॉलरच्या आसपास पोचला.

इतका महाग शेअर म्हणजे स्वतःच छापलेलं चलन. कंपनीनं त्या चलनात खरेदी सुरू केली. जानेवारी २००० मध्ये ई-टेक डायनॅमिक्स ही कंपनी १५ अब्ज डॉलरांना घ्यायचं ठरलं. जुलैमध्ये एसडीएल, ४१ अब्ज डॉलरांना. या रकमा पुन्हा एकदा वाचा आणि हेही लक्षात घ्या की त्यानंतर संपलेल्या आर्थिक वर्षात या सगळ्या एकत्रित कारभाराची एकूण विक्री सव्वातीन अब्ज डॉलरांच्या आसपास होती. रोख जवळजवळ काहीच दिलं-घेतलं गेलं नाही. फुगलेले शेअर देऊन फुगलेले शेअर घेतले गेले.

ओटावाचीच दुसरी मोठी कंपनी नॉर्टेल, खरं तर थोरली. शंभर वर्षं जुनी टेलिफोन यंत्रं बनवणारी कंपनी. एका रंगावर सेकंदाला १० गिगाबिट पाठवणारी यंत्रणा आणण्याचा जुगार तिनं ल्युसेंटच्या आधी खेळला आणि जिंकला. ल्युसेंट मागे पडली. बेल लॅब्ज ज्यांच्या घरात, ते मागे पडले! नॉर्टेलनंही शेअर देऊन कंपन्या विकत घेतल्या. त्यातली क्यूटेरा तर सव्वातीन अब्ज डॉलरपर्यंतच्या किमतीत घ्यायचं ठरलं तेव्हा तिची यंत्रं अजून बाजारात आलेलीही नव्हती. २००० च्या उन्हाळ्यात नॉर्टेलचा शेअर १२४ कॅनडियन डॉलरवर होता आणि टोरोंटो शेअर बाजाराच्या मुख्य निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ही एकटी कंपनी होती. याचा अर्थ नीट बघा. कॅनडातल्या ज्या शिक्षिकेनं किंवा पोस्टमननं कधी नॉर्टेलचं नावही ऐकलं नव्हतं, पण निवृत्तीसाठी साधा इंडेक्स फंड घेतला होता, त्यांच्या प्रत्येक शंभर डॉलरांतले पस्तीसेक नॉर्टेलमध्ये होते. निर्देशांकात पैसे घातले की धोका वाटला जातो, असं आपल्याला एसआयपी विकताना सांगतात. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

मग आल्या नव्या कंपन्या. सिकॅमोर नेटवर्क्सचे सहसंस्थापक गुरुराज देशपांडे. आडनाव वाचून आपली कॉलर ताठ होण्याआधी सांगतो, गृहस्थ हुबळीचे आहेत. आधीची कास्केड ही कंपनी त्यांनी मोठ्या किमतीला विकली होती, त्यामुळे बाजाराचा त्यांच्यावर विश्वास होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये सिकॅमोरचा शेअर ३८ डॉलरला विक्रीला आला आणि पहिल्या दिवशी १८४ डॉलरच्या वर बंद झाला. तेव्हा कंपनीकडे गिऱ्हाईक होतं एक. ती पाइपांमधून फायबर ओवणारी विल्यम्स. जुलै २००० मध्ये सिएनाचे संस्थापक डेव्हिड ह्युबर यांची नवी कंपनी कॉर्विस बाजारात आली. ३६ डॉलरचा शेअर पहिल्या दिवशी ८४ च्या वर. विक्रीच्या रकान्यात अजून काहीच नाही आणि बाजारमूल्य अठ्ठावीस अब्ज डॉलरांच्या घरात. लक्षात घ्या, हे डॉटकॉमचा बाजार मार्चमध्ये कोसळून गेल्यानंतर चार महिन्यांनी. वेबसाइटवाल्यांमधून पळालेला पैसा 'खऱ्या वस्तू' बनवणाऱ्यांकडे येत होता.

लाटेचं पाणी मुंबईपर्यंतही आलं. दलाल स्ट्रीटवर केतन पारेखच्या लाडक्या दहा शेअरांना के-टेन म्हणायचे. त्यात हिमाचल फ्युचरिस्टिक कम्युनिकेशन्स, म्हणजे एचएफसीएल, ही दूरसंचार यंत्रसामग्री बनवणारी कंपनी होती. २००० मध्ये तिचा शेअर दोन हजार रुपयांच्या वर गेला आणि नंतर दोन आकड्यांवर आला. मार्च २००१ मध्ये पारेखला अटक झाली, पण तोवर अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक बुडाली होती आणि तिच्या ठेवीदारांनी फायबर हा शब्दही बहुधा ऐकला नसेल. इकडे औरंगाबादजवळ वाळूजमध्ये स्टरलाइट खरोखरच काचेचा तंतू ओढत होती. जगभरातली मागणी आटली तेव्हा फटका तिलाही बसला.

*

आता मांडववाल्याच्या युक्तिवादात दोन छिद्रं होती. पहिलं सोपं आहे. लग्नघरात पैसे नव्हते आणि मांडववाल्यानंच यजमानाला कर्ज दिलं होतं.

याला विक्रेत्याचं अर्थसाहाय्य असं भारदस्त नाव आहे. नवी टेलिफोन कंपनी यायची, तिच्याकडे कमाई नसायची. यंत्रं विकणारी कंपनी म्हणायची, हरकत नाही, आम्हीच कर्ज देतो, त्यातून आमची यंत्रं घ्या. यंत्रं पोचली की विक्री वहीत चढायची, नफा दिसायचा, शेअर वाढायचा. पैसे यायचे तेव्हा येतील. २००० संपता संपता ल्युसेंटनं अशा कर्जांची दिलेली वचनं आठ अब्ज डॉलरांच्या वर गेली होती. विनस्टार नावाच्या बिनतारी ब्रॉडबँड देणाऱ्या एकाच कंपनीला दोन अब्जांपर्यंत कर्ज द्यायचं तिनं कबूल केलं होतं. एप्रिल २००१ मध्ये विनस्टारनं दिवाळखोरी जाहीर केली. गावातला किराणा दुकानदारही उधारीच्या वहीतल्या आकड्याला गल्ल्यातली रोकड समजत नाही.

दुसरं छिद्र जास्त खोल आहे आणि माझ्या मते गोष्टीचा गाभा तिथे आहे. ही यंत्रं कशासाठी होती? एका तंतूतून जास्त माहिती नेण्यासाठी. १९९५ च्या आसपास एका तंतूतून सेकंदाला अडीच गिगाबिट जायचे. सिएनाच्या १६ रंगांनी ते ४० केले. २००० पर्यंत १६० रंग आणि प्रत्येकावर १० गिगाबिट अशा यंत्रणा आल्या, म्हणजे १,६०० गिगाबिट. पाच वर्षांत ६४० पट. म्हणजे प्रत्येक नवी पेटी आदल्या वर्षीच्या अनेक पेट्यांचं काम करत होती. गिऱ्हाइकासाठी ही पर्वणी, विकणाऱ्यासाठी मात्र स्वतःच्या पुढच्या विक्रीवर मारलेली कुऱ्हाड.

मनातल्या मनात एक गणित करा. समजा, एक बिट नेण्याचा खर्च दर वर्षी निम्मा होतोय. वाहतूक वर्षाला साडेबारा पट वाढली, तर यंत्रं विकणाऱ्याचा धंदा वर्षाला सहा पटींहून जास्त वाढतो आणि मग शेअरची कुठलीही किंमत महाग नाही. पण वाहतूक वर्षाला दुप्पट वाढली, तर दुप्पट माल निम्म्या किमतीत, म्हणजे धंदा जागच्या जागी. आणि त्या वर्षांत क्षमता तर दुपटीपेक्षा कितीतरी वेगानं वाढत होती. म्हणून सगळं त्या एका वाक्यावर टेकलं होतं. शंभर दिवसांत दुप्पट खरं असेल तर सगळं खरं.

ते वाक्य आलं कुठून? वर्ल्डकॉमच्या मालकीची यूयूनेट ही तेव्हा इंटरनेटचा कणा चालवणारी सर्वांत मोठी कंपनी होती. तिच्याकडून हा आकडा सांगितला जात होता. तो हवेतून आलेला नव्हता. १९९५ आणि १९९६ मध्ये, ब्राउझर घरोघरी पोचत असताना, वाहतूक खरोखर तीन-चार महिन्यांत दुप्पट होत होती. १९९७ पासून वेग उतरला. वाक्य तसंच राहिलं.

एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत केरी कॉफमन आणि अँड्र्यू ओडलिझ्को हे दोन संशोधक होते. ओडलिझ्को मूळचे गणिती. त्यांनी एक अगदी कंटाळवाणं काम केलं: वेगवेगळ्या जाळ्यांची क्षमता आणि प्रत्यक्ष वाहतूक यांचे मिळतील तेवढे आकडे गोळा करून बेरीज केली. १९९८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वाहतूक वर्षाला साधारण दुप्पट होते आहे, एवढंच त्याचं म्हणणं. ज्या वर्षी सरकारी अहवालात ते वाक्य छापलं गेलं, त्याच वर्षी त्याचं खंडन उघडपणे, कुणालाही फुकट वाचता येईल असं उपलब्ध होतं. फारसं कुणी वाचलं नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर किती लागतील यावर बैठका होतात तेव्हाही 'मागच्या तिमाहीसारखीच वाढ धरू' असं म्हणणाऱ्याचं चटकन पटतं आणि 'आधी लॉग बघू' म्हणणारा बैठक लांबवणारा वाटतो. पण इथे लॉग बघणाऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीचंही नुकसान झालं. वर्ल्डकॉम एवढी वाढते आणि आपण का नाही, या प्रश्नानं एटी अँड टीचे वरिष्ठ पछाडले होते. वर्ल्डकॉमच्या हिशेबात अब्जावधींचा घोटाळा होता, हे २००२ मध्ये उघड झालं.

*

पडझड सुरू झाली ती बातमीनं नाही, ऑर्डरी थांबल्यानं. २००० मध्ये सुट्या भागांची इतकी टंचाई होती की गिऱ्हाइकं एकच ऑर्डर दोन-तीन ठिकाणी नोंदवून ठेवायची, ज्याचा माल आधी येईल तो घ्यायचा. कारखान्यांना वाटलं मागणी तिप्पट आहे. पैसा आटला तसे हे सगळे दुहेरी-तिहेरी आकडे एकदम नाहीसे झाले. सिस्कोला २००१ च्या वसंतात दोन अब्ज डॉलरांहून जास्त किमतीचा न विकलेला माल हिशेबातून खोडावा लागला. नॉर्टेलनं १५ फेब्रुवारी २००१ ला सांगितलं की वर्षाची वाढ ३० टक्के नाही, त्याच्या निम्मी होईल. दुसऱ्या दिवशी तिच्या शेअरचा जवळजवळ एक तृतीयांश भाग उडाला.

जेडीएस युनिफेजनं जून २००१ मध्ये संपलेल्या वर्षासाठी ५६ अब्ज डॉलरांचा तोटा नोंदवला. तोवर कोणत्याही अमेरिकन कंपनीनं इतका तोटा दाखवला नव्हता. बहुतेक भाग म्हणजे शेअर देऊन घेतलेल्या कंपन्यांची किंमत कागदावर कमी करणं, त्यामुळे तिजोरीतून तेवढे पैसे गेले असं नाही. त्या वेळी ही गोष्ट दिलासा म्हणून सांगितली जायची. २००२ मध्ये शेअर दोन डॉलरच्या खाली होता. कॉर्निंगचा शेअर ११३ डॉलरवरून एका डॉलरच्या जवळ आला. ल्युसेंटचा ८४ वरून एका डॉलरच्या खाली. नॉर्टेलचा अर्ध्या कॅनडियन डॉलरच्या आसपास. ग्लोबल क्रॉसिंगनं जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, विल्यम्सनं एप्रिलमध्ये, वर्ल्डकॉमनं जुलैमध्ये. अमेरिकेत पुरलेल्या फायबरपैकी पाच टक्क्यांहूनही कमी तंतूंमधून प्रकाश जातोय, असे तेव्हाचे अंदाज होते. बाकीच्याला नाव पडलं डार्क फायबर, अंधारी काच.

ल्युसेंटमध्ये १९९९ साली दीड लाखाहून जास्त माणसं होती. काही विभाग वेगळे काढून, काही विकून आणि बाकीच्यांना घरी पाठवून २००३ पर्यंत पस्तीसेक हजार उरली. नॉर्टेल रखडत २००९ पर्यंत जगली आणि त्या जानेवारीत तिनंही दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथल्या सुमारे चारशे माणसांची गोष्ट मला विसरता येत नाही. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ते दीर्घ रजेवर होते आणि कंपनीकडून त्यांना मासिक रक्कम आणि औषधपाणी मिळत होतं. त्यांचा समज होता की हा विमा आहे. प्रत्यक्षात विमा कंपनी मध्ये नव्हतीच, नॉर्टेलच स्वतःच्या निधीतून ते देत होती. २०१० च्या अखेरीस ते बंद झालं. २०११ मध्ये नॉर्टेलची पेटंटं साडेचार अब्ज डॉलरांना विकली गेली, घेणाऱ्यांत अॅपल आणि मायक्रोसॉफ्ट होत्या. हा पैसा कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या देणेकऱ्यांत कसा वाटायचा, यावरचा वाद २०१७ पर्यंत चालला आणि वकील-सल्लागारांचं बिल दोन अब्ज डॉलरांच्या घरात गेलं. ओटावातला तिचा मोठा परिसर आता कॅनडाच्या संरक्षण खात्याकडे आहे.

*

काच मात्र जागेवरच होती. दिवाळखोरीत कर्ज पुसलं जातं, चर बुजत नाही. अमेरिकेच्या टायको कंपनीनं दोन अब्ज डॉलरांहून जास्त खर्चून जगभर सुमारे साठ हजार किलोमीटरची समुद्राखालची केबल अंथरली होती. ती २००४ मध्ये मुंबईच्या विदेश संचार निगमनं, जी तोवर टाटांकडे आली होती, १३ कोटी डॉलरांना घ्यायचं ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी रिलायन्सनं फ्लॅग टेलिकॉम ही युरोपला मुंबईमार्गे आशियाशी जोडणारी केबल कंपनी सुमारे २१ कोटी डॉलरांत घेतली. पुण्याच्या हिंजवडीत किंवा मुंबईच्या मालाडमध्ये त्या वर्षांत रात्रपाळीत हेडफोन लावून अमेरिकन माणसाचं क्रेडिट कार्ड दुरुस्त करणाऱ्या पोरांचा आवाज अशाच, दुसऱ्यांच्या बुडालेल्या पैशांतून अंथरलेल्या काचेतून जात होता. ज्या पैशांवर आपल्याकडची अनेक घरं उभी राहिली, त्यात कॅनडातल्या कुणाच्या तरी पेन्शनचा वाटा होता. यात आपला दोष काही नाही, पण हे कुणी कधी बोलून दाखवलेलं मी ऐकलेलं नाही.

कॉर्निंग वाचली ती दुसऱ्या काचेमुळे. आधी सपाट टीव्हीच्या पडद्याची काच, मग २००७ मध्ये आयफोनसाठी बनवलेली गोरिला ग्लास. जेडीएस युनिफेजचे २०१५ मध्ये दोन तुकडे झाले, त्यातली ल्युमेंटम आज एआयच्या डेटा सेंटरांसाठी लेझर बनवते आणि तिचं नाव पुन्हा आपल्या ट्रेडिंग अॅपांच्या यादीत वर दिसतं. सिएनाही आहे. मांडववालेही आहेत: २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एन्व्हिडियानं ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्यानं शंभर अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला आणि ओपनएआय त्यातून उभारणार काय, तर एन्व्हिडियाच्या चिपांची डेटा सेंटरं. एन्व्हिडियाकडे आज जेवढी रोकड आहे तेवढी ल्युसेंटकडे कधीच नव्हती, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायला हवा. एआयचा वापर किती वेगानं वाढतोय याचे आकडेही आहेत. बहुतेक आकडे तीच कंपनी सांगते जिला माल विकायचा आहे किंवा भांडवल उभारायचं आहे. या वेळचे ओडलिझ्को कुठे लिहितायत, हे मी अधूनमधून शोधत असतो.

सिस्को या सगळ्यांत सर्वांत धडधाकट होती. कर्ज कमी, नफा खरा, धंदा पुढेही वाढत राहिला. मार्च २००० मध्ये तिच्या शेअरचा बंद भाव ८० डॉलरच्या जरासा वर होता. त्या भावाच्या वर तो पुन्हा बंद झाला २०२५ च्या डिसेंबरात. कॉर्विसनं नाव बदललं आणि मग लेव्हल थ्रीनं तिला गिळलं. सिकॅमोरनं २०१३ मध्ये उरलीसुरली रोकड भागधारकांत वाटून दुकान बंद केलं.